तुलनेच्या गटातले ससे

एखादी गोष्ट न करण्यासाठी आमच्या मावसाजींनी घेतले तेवढे कष्ट अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कुणी ती करण्यासाठीही घेतले नसतील. सत्तरच्या दशकात ते सानगडीला गुरांचे डॉक्टर होते. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसून पाण्याकडे बघत राहायचे, पण डोळ्यांपुढे असायचा बैलाचा पाय. धान रोवण्याच्या चिखलात पायाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दुखावली की बैल बाजारात जायचा. तिथून पुढे कुठे, हे मावसाजी कधी बोलत नसत. त्यांच्या मनात एक लेप होता. तो लागू पडतो का, किती आणि कधी लावायचा, हे कळायचं तर आधी सशांच्या धडधाकट कंडरेत औषध टोचून ती बिघडवायची, मग त्यातल्या निम्म्यांना लेप लावायचा, आणि काही ससे न टोचताच तुलनेला ठेवायचे. नागपूरच्या साहेबांना हा बेत पसंतही पडला होता.

मग तयारी सुरू झाली, ती वर्षानुवर्षं चालली. तुमसरच्या गिरणीतून कोंड्याची राख आणून अंगणात पसरली. तिच्यावर उमटलेल्या सशांच्या पावलांवरून लंगडेपणा मोजायचा होता. लंगडं कुणीच नसल्यामुळे रोज सकाळी नुसती नक्षी उमटायची आणि मावसाजी चहा थंड होईतो ती बघत बसायचे. सशांना कळ कमी लागावी म्हणून औषध पातळ कर, सुई आणखी बारीक शोध, हेही चालूच. मावशी म्हणायची, "त्याइले सुई टोचाची हाय का त्याइचं बारसं कराचं हाय?"

एकदा मात्र सुई खरंच भरली. ससा मांडीवर घेतला, तर तो तिथेच झोपला. मावसाजींनी उठून सुई मोरीत रिकामी केली. "हा तुलनेच्या गटात जाईन," ते म्हणाले. दुसराही तिथेच गेला. होता होता सगळे ससे तुलनेच्या गटात जमा झाले आणि तिथे त्यांना पिल्लंही झाली. आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी विचारणं सोडून दिलं.

मावसाजींच्या निवृत्तीच्या सुमारास एका शेतकऱ्याने लंगडा बैल आणला. "डॉक्टरसाब, तुमी त्याची दवा बनवून राहिले होते ना?"

"बनवून राहिलो होतो, बापा."

त्यांनी लेप बांधला, अंदाजानेच. काही फरक पडला नाही. बाजाराच्या दिवशी ते बैलाचा पाय हातात धरून बसले आणि म्हणाले, "सशाइचं मन राखलं रे. तुह्यं नाही राखता आलं." तेव्हा मला कुणी हसायला सांगितलं असतं तरी जमलं नसतं. मग बैल निघाला, आणि मावसाजी त्याच्या लंगड्या चालीला चाल जुळवत बाजारापर्यंत सोबत गेले.