दोन बादल्या गरम पाणी

हेर श्टाइमले, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत श्टाइमले, यांच्याबद्दल लिहावं असं दोन वर्षं मनात आहे. लिहायला बसलो की वाटतं, त्यांच्याबद्दल लिहिण्याचा अधिकार सगळ्यात कमी कुणाला असेल तर तो मला. शिवाय लिहायची सवय नाही. सांगलीच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. तिथे लिहिलं ते बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, दोन-दोन शब्द. तेव्हा जमेल तसं सांगतो.

माझा मुलगा शिरीष जर्मनीत बॉबलिंगेनला असतो, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. पत्नी गेल्यावर त्यानं मला २०१६च्या डिसेंबरात तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सहा बिऱ्हाडांची इमारत, आम्ही पहिल्या मजल्यावर आणि आमच्या बरोबर खाली श्टाइमले. त्र्याहत्तर वर्षांचे, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कारिन लांब हॅनोव्हरला. बुटका रुंद माणूस, बोलणं कमी. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती, गावातून जंगलाकडच्या चढावरच्या खेड्यांपर्यंत.

या माणसाला बर्फाचं वेड होतं. बर्फ यायचा असला की आदल्या संध्याकाळी ते गॅलरीचं दार उघडून हवा हुंगत उभे राहत. मग जिन्यात माझी नात अन्वी भेटली की तिला एकच शब्द सांगत, उद्या. शिरीषच्या मोबाइलवर काही दिसत नसलं तरी बहुतेक वेळा ते खरं ठरे. दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास ते टोपी घालून बाहेर पडत आणि कुणाचं पाऊल उमटायच्या आत इमारतीभोवती एक फेरी मारत. हात मागे बांधून, अगदी सावकाश. फेरी झाली की फावडं घेऊन पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंतची सगळी वाट मोकळी करत.

खरं तर ते काम त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्या भागात एक रीत आहे, केअरवोखं म्हणतात. म्हणजे झाडण्याचा आठवडा. एक छोटी पाटी असते, ती पाळीपाळीनं प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारावर येते. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना पुसायचा, दारापुढची जागा झाडायची आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत वाट मोकळी करायची. तिथली माणसं हे फार मनावर घेतात. पण बर्फाच्या दिवशी पाटी कुणाच्याही दारावर असो, फावडं श्टाइमलेंच्या हातात असे. सगळ्यांनी त्यांना तेवढं सोडून दिलं होतं.

मला थंडी सोसत नाही. मी कानटोपी घालून हीटरपाशी बसून वरून हे बघायचो. एकदा अन्वीला म्हटलं, त्यांना विचार तरी, एवढं काय आहे त्या बर्फात? पोरांचं समजू शकतो. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमधून द्यायची. आजोबांसाठी मात्र अडखळत मराठीत बोलायची. तिनं आणलेलं उत्तर असं होतं:

"ते म्हणतात, रोज लोक बसमध्ये चढायचे आणि त्यांच्याकडे बघायचे पण नाहीत. बर्फाच्या दिवशी बस चाळीस मिनिटं लेट. तरी स्टॉपवरचे सगळे त्यांना बघून हसायचे. मोठ्या माणसांना, आजोबा, उशीर चालतो असं कोणीच कधी सांगत नाही. फक्त बर्फ सांगतो."

एकदा चढावर बस अडकली तेव्हा सगळे प्रवासी उतरून ढकलायला लागले होते, टाय लावलेले साहेबसुद्धा. कुणीतरी आपल्या थर्मासमधली कॉफी यांना दिली. तो दिवस त्यांनी तिला तारखेसकट सांगितला होता. चौतीस वर्षांत बर्फावर त्यांची बस एकदाही घसरली नव्हती आणि तेही कधी पडले नव्हते. याचा त्यांना अभिमान होता. पायाला कळतं, म्हणायचे.

जानेवारीत पाटी आमच्या दारावर आली. त्याच आठवड्यात तळघरात कपडे धुवायला गेलेल्या नीलिमाला, म्हणजे माझ्या सुनेला, वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. हसत म्हणाल्या, तुमचं बरं आहे, पाटी तुमच्या दारावर आणि फावडं श्टाइमलेंच्या हातात. नीलिमानं जेवताना ते गंमत म्हणून सांगितलं. शिरीष हसला. मला मात्र ते लागलं. आपल्या वाटणीचं काम एक म्हातारा माणूस करतो आणि आपण वरून बघत बसतो, हे त्या बाईंनी बघितलं होतं. मी तिथे नुसता खाऊन-पिऊन बसलेला होतो, हेही त्यात आलं.

दुसऱ्या दिवशी शिरीष पहाटेच कामासाठी परगावी गेला होता आणि नीलिमा आंघोळीला गेली होती. मी खाली गेलो. नवा बर्फ पडला नव्हता, पण पायऱ्यांवर जुना बर्फ तुडवून तुडवून घट्ट बसला होता. फावड्यानं निघेना. पाय घसरू नयेत म्हणून तिथे बारीक खडी टाकतात, तिची पेटी उघडली तर रिकामी. मीठ टाकायला तिथे मनाई. मग मला आपल्याकडची रीत सुचली. सकाळी उठून दारात पाणी टाकायचं, सगळं कसं स्वच्छ होतं. शिरीषच्या बाथरूममध्ये आपल्याकडची प्लास्टिकची बादली होती, ती नळाच्या कडकडीत पाण्यानं भरून नेली. दोन खेपा केल्या. बर्फ डोळ्यांदेखत विरघळला. मी झाडूनं पाणी लोटलं आणि काळ्याभोर पायऱ्या उघड्या झाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला आपण त्या घरात कामाचे आहोत असं वाटलं. वर आलो तेव्हा अन्वी दप्तर भरत होती. रिकामी बादली माझ्या हातात होती. मी चहा टाकला.

बाहेर उणे सात होतं. एकतीस वर्षं मी मुलांसाठी बर्फाचे प्रयोग मांडून ठेवले, पाणी किती अंशाला गोठतं ते फळ्यावर लिहून ठेवलं. आणि त्या सकाळी ते मला आठवलं नाही.

थोड्या वेळानं भुरभुर बर्फ सुरू झाला. अगदी पातळ, पिठासारखा. माझं पाणी गोठून काचेसारख्या झालेल्या पायऱ्या त्याच्याखाली झाकल्या गेल्या. श्टाइमले बाहेर पडले ते ताज्या बर्फाच्या आनंदात. मला आवाज ऐकू आला. किंकाळी वगैरे नव्हती, पोतं पडल्यासारखा नुसता एक आवाज.

कमरेचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्स आली, गेली. बर्फ पडतच होता. दुपारपर्यंत बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं होतं की या वयात हे वेड, आज ना उद्या असं होणारच होतं.

चौथ्या दिवशी त्यांची मुलगी कारिन आली. तिनं सगळ्यांची दारं वाजवली. भांडायला नव्हे, वडिलांचं नक्की काय झालं ते तिला समजून घ्यायचं होतं. आमच्याकडे आली तेव्हा घरात मी आणि अन्वी दोघंच. ती दारात उभी राहून बोलली. अन्वीनं माझ्याकडे बघितलं.

"ती विचारते, आजोबा, तुम्ही त्या सकाळी खाली काही बघितलं का?"

दारावर पाटी लटकत होती. आदल्या रात्रीच शिरीष नीलिमाला सांगत होता की ज्याच्याकडे पाटी त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते, अशा प्रकरणात वकील लागतात. मला समोर कोर्ट दिसलं, शिरीषची नोकरी दिसली, त्याचे राहण्याचे कागद दिसले. मी म्हणालो, "नाही म्हणावं. मी घरातच होतो."

अन्वीनं बादली बघितली होती. तरी तिनं ते जर्मनमध्ये सांगितलं, जसंच्या तसं. कारिन आभार मानून गेली. अन्वी आत जाऊन खोलीत बसली. त्याबद्दल तिनं मला कधी विचारलं नाही. मी खोटं बोललो ते बोललो, पण ते नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून पोहोचवलं, हे मला आजही जास्त टोचतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी परत आलो. तोवर कारिननं खालचं घर सोडल्याचं पत्र दिलं होतं. श्टाइमलेंना वृद्धाश्रमात ठेवलं. सांगलीत सगळं पूर्वीसारखं होतं. उसाच्या रसाच्या गाडीवर बर्फ फोडताना दिसला तरी मी दुसऱ्या बाजूनं जायचो. शिरीषच्या फोनवर मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, खालचे कसे आहेत? तो म्हणायचा, बरे असतील.

२०१९च्या जानेवारीत पुन्हा गेलो. पहिल्याच आठवड्यात शिरीषला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, आपला इन्शुरन्स होता ना. इथे प्रत्येकाचा असतो, अशाच गोष्टींसाठी. काही झालं नसतं हो आपल्याला."

म्हणजे ज्या भीतीपायी मी गप्प बसलो, ती भीतीही खोटी होती.

मी अन्वीला म्हटलं, माझ्याबरोबर येशील का? मला त्यांना काही सांगायचंय. ती आता अकरा वर्षांची. "या," म्हणाली जर्मनमध्ये. म्हणजे हो. काय सांगायचंय ते तिनं विचारलं नाही.

श्टाइमले खिडकीपाशी बसले होते. बारीक झाले होते. पुढ्यात चालताना धरायची चाकांची चौकट होती. बाहेर बागेत रात्रीचा बर्फ तसाच अखंड पडलेला. अन्वीला बघून त्यांचा चेहरा उजळला. ती म्हणाली, बर्फ पडलाय, तुम्ही फेरी नाही मारली? त्यांनी मान हलवली आणि जे सांगितलं ते तिनं मला मराठीत केलं. इथे कुणी अडवत नाही, डॉक्टरही म्हणतात चाला. पण त्यांनीच सोडलं. चौतीस वर्षं पायाला कळायचं आणि त्या दिवशी कळलं नाही. आता पायावर विश्वास नाही.

मला वाटत होतं की मी त्यांचं हाड मोडलं आणि घर घालवलं. हे तिसरं मला माहीतच नव्हतं.

मी सांगितलं. एकेक वाक्य मराठीत, आणि ते संपलं की थांबायचो. अन्वी ते सांगायची. पाटी, वरच्या बाई, बादली, कडकडीत पाणी. कारिनच्या प्रश्नाला दिलेलं उत्तरही. तिथे अन्वीचा आवाज जरा बारीक झाला, पण तिनं वाक्य गाळलं नाही.

श्टाइमले माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "किती बादल्या?"

"दोन."

"दोन," ते म्हणाले. "आल्झो." म्हणजे असं तर. मग खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघायला लागले. रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी ते हळूच एक वाक्य बोलले आणि अन्वीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "ते म्हणतात, मग पायाची चूक नव्हती."

मी हात जोडले. ते त्यांना कळलं असेल-नसेल. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही ते मागितलं नाही. कारिनला मी स्वतः सांगेन, एवढं म्हणाले.

आठवड्यानं कारिनचं पत्र आलं. शिरीषनं वाचून दाखवलं. इतर काही नव्हतं, एकच ओळ होती: मी तुम्हाला विचारलं होतं. ते पत्र मी बरोबर सांगलीला आणलंय. त्याला काय उत्तर लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी वृद्धाश्रमातून नीलिमाला फोन आला. श्टाइमलेंचा अन्वीसाठी एका शब्दाचा निरोप होता, उद्या.

रविवार होता. सकाळी लवकर आम्ही दोघं गेलो. ते बूट आणि टोपी घालून बागेच्या दाराशी तयार उभे होते. बर्फ घोट्यापर्यंत होता आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. मी आधाराला हात पुढे केला. त्यांनी तो बघितला आणि अन्वीचा हात धरला. मला म्हणाले, तुम्ही मागून या.

त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, त्यावर जोर देऊन बघितलं. मग दुसरं टाकलं. भिंतीच्या कडेनं ते दोघं सावकाश पुढे चालले. मी त्यांच्या मागे, त्यांच्याच पावलांच्या खुणांत पाय ठेवत, म्हणजे बाकीचा बर्फ तसाच राहील.