आईचा काळा चष्मा

काळा चष्मा दिसला की मला आजही सुक्या बांगड्याचा वास येतो. मी दहावीत होते, आई मालवणच्या बाजारात सुकी मासळी विकायची, आणि तिचा उजवा डोळा लालभडक झाला होता. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की ही साथ नाही, डोळ्याच्या आतली सूज आहे, ती कुणाला लागत नाही. थेंब घालायचे आणि काळा चष्मा लावून उजेड टाळायचा. पण डोळे आलेल्याकडे नुसतं बघितलं तरी आपले येतात, अशी बाजाराची खात्री. शेजारणीने आईची टोपली पायाने उन्हात ढकलली. "हयसून उठ गो, आमचे डोळे येतले." आई म्हणाली, "ह्यो रोग लागणारो न्हय." "मगे काळो चष्मो कित्याक?" आईने चष्मा काढला. उन्हाने डोळा घळाघळा वाहू लागला, तरी ती एकेकीच्या पुढ्यात जाऊन टक लावून बघत राहिली. "बघा आता. डोळे इले तर माका सांगा." कुणाचेच आले नाहीत, पण टोपली सावलीत घ्यायलाही कुणी सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात माझ्या डोळ्याला तीच सूज आली. ऑफिसात शेजारच्या साहेबांनी खुर्ची लांब सरकवली. मी माझा काळा चष्मा काढला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.