अडखळणाऱ्यांचा रविवार

आम्ही सगळे अडखळत बोलणारे एकत्र जमतो म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे गप्पा कमीच होत असतील. अहो, उलट आहे! आयुष्यभर जे गिळून ठेवलं ते सगळं इथे बाहेर पडतं, वेळ लागतो एवढंच. कर्वेनगरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आमची दोन तासांची सभा चार तास चालते. माझ्याकडे आता इतके किस्से साठलेत, की थोडे वाटल्याशिवाय नवे ठेवायला जागा नाही.

सभेचा नियम एकच. समोरचा अडला तर त्याचा शब्द आपण पूर्ण करायचा नाही, गप्प बसून वाट बघायची. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला ही शिक्षाच आहे.

*

सुरुवात माझ्यापासून. माझं नाव शुभदा, आणि 'श' हा माझा जन्माचा वैरी! शेंगदाणे अडले तर 'दाणे' म्हणून भागतं, पण स्वतःच्या नावाला पर्याय कुठून आणायचा? बारा वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या नव्या टेलरने वहीत लिहायला नाव विचारलं. मागे चार बायका उभ्या. मी घाबरून म्हटलं, "मंगल!" एका दमात, झकास. तेव्हापासून तिथे मी मंगलताई.

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी टेलर स्वतः ब्लाउज घेऊन घरी आला. मी बाहेर गेले होते, दार नवऱ्याने उघडलं.

"मंगलताई आहेत का?"

"इथे कोणी मंगल राहत नाही."

"अहो, पत्ता तर हाच दिलाय."

"पत्ता बरोबर असेल. पण माझी जिच्याशी गाठ पडली, तिचं नाव शुभदा."

ब्लाउज आला तसा परत गेला! मी लग्नात जुनाच घालून मिरवले. खरं कारण नवऱ्याला सांगायला मला आठवडा लागला, इतकी लाज वाटत होती. तो शांतपणे म्हणाला, "आधी सांगायचंस ना. मी पण मंगल म्हटलं असतं."

*

गेल्या वर्षी अमोल आला. मूळचा यवतमाळचा, चाकणच्या एका कारखान्यात वेल्डर. पोरगा कामात एक नंबर, म्हणून त्याला सुपरवायझर करायचं ठरलं होतं. पण आधी पंधरा दिवस ट्रायल. सुपरवायझरने रोज सकाळी शिफ्टच्या आधी चाळीस जणांना सुरक्षेची शपथ द्यायची असते. त्याने एकेक तुकडा म्हणायचा आणि बाकीच्यांनी हात पुढे करून तोच तुकडा म्हणायचा.

"जमलं त क्वार्टर भेटते, ताई. आईले इकडं आणता येते. ते तिकडं एकटीच हाय," अमोल म्हणाला. एवढं सांगायला त्याला पाच मिनिटं लागली. आम्ही वाट बघितली.

भिंतीसमोर एकटा उभा राहून तो शपथ घडाघडा म्हणायचा. आम्ही आठ जण समोर बसलो की पहिल्याच शब्दाला गाडी बंद! "मी नाही म्हणून सांगतो साहेबाले," असं तो दर रविवारी म्हणायचा, आणि दर रविवारी मी त्याला रागवायचे.

*

आमचे देवधरकाका पेठेतले, रिटायर्ड क्लार्क. काकांना साधा नमस्कार म्हणायला घाम फुटतो, पण भांडताना अक्षर अडत नाही. एकदा हॉलच्या खाली कोणीतरी त्यांच्या स्कूटरला चिकटून गाडी लावली. काका खाली पाच मिनिटं असे काही धो धो बोलले, की आम्ही सगळे ऐकायला गॅलरीत आलो.

तो माणूस गार पडला. हात जोडून म्हणाला, "चुकलं. आपण वकील आहात का?"

काकांचा राग तिथेच ओसरला. "न... न... न..."

तो म्हणाला, "विचार करून सांगा. गाडी काढतो तोवर."

*

महिन्यातून एकदा राजश्रीताई येतात, त्या स्पीच थेरपिस्ट आहेत. त्यांनी विचारलं, आपण कशामुळे अडखळतो असं वाटतं? मग काय, प्रत्येक घरात एक आरोपी निघाला! माझ्या आत्याच्या मते मी शेजारच्या मुलाची नक्कल करायचे म्हणून. काकांच्या मते मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर छडी मारली म्हणून.

ताई म्हणाल्या, "मूळ बहुतेक वेळा मेंदूत असतं, कधी घराण्यात असतं. भीती त्याला जन्म देत नाही, पण रोज जेवू घालते. अडखळेन या धसक्याने घसा आवळतो, आवळला की अडखळतो, मग लाज वाटते आणि त्या लाजेतून उद्याचा धसका."

काका अस्वस्थ झाले. "म्हणजे म... मास्तर निर्दोष?"

"छे! वाढप्यांत तेच पुढे होते."

"वा!" काका म्हणाले. "नाहीतर साठ वर्षांचा राग फुकट गेला असता!"

*

ताईंचा एक गृहपाठ फारच विचित्र. दुकानात जाऊन मुद्दाम अडखळायचं! आपणच होऊन अडखळलो की लपवायला काही उरत नाही आणि धसका मोडतो. मी स्टेशनरीच्या दुकानात गेले, देवाचं नाव घेतलं, तोंड उघडलं, आणि "शाईची बाटली द्या" एका दमात बाहेर! दुकानदाराने बाटलीसुद्धा दिली.

गृहपाठात नापास झाले म्हणून त्या रविवारी मी सगळ्यांना पेढे वाटले.

*

आणि अमोलच्या ट्रायलचा पहिला दिवस उजाडला. सकाळचे सात, बाजूला मॅनेजर, समोर चाळीस हात पुढे आलेले. अमोलने तोंड उघडलं.

"मी... मी... मी..."

आणि चाळीस आवाज एकदम घुमले, "मी! मी! मी!"

अमोलला वाटलं, झाली थट्टा, संपलं सगळं. त्याने मान वर केली तर कोणी हसत नव्हतं. पहिल्या रांगेतले म्हातारे फिटर शिंदेमामा तर पूजेला बसल्यासारखे डोळे मिटून उभे. पुढचा माणूस जे म्हणेल ते म्हणायचं, हे रोजचं काम ते सगळे इमानदारीने करत होते!

'आज कामावर असताना' हा तुकडा पार पडला, मग अमोल म्हणाला, "हे-हेल्मेट काढणार नाही."

"हे-हेल्मेट काढणार नाही!"

"ताई, चाळीस जन माह्यासंगं अडखळले, अन् कोनालेच काही वाटलं नाही!" रविवारी सभेत हे सांगताना त्याला रडू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू.

पुढे 'मी' अडेनासा झाला. तरी अमोल तो रोज मुद्दाम तीनदा म्हणायचा, राजश्रीताईंचा गृहपाठ म्हणून. पंधरा दिवस पार पडले, ऑर्डर हातात आली, आणि क्वार्टरची किल्ली मिळाल्यावर तो आईला आणायला यवतमाळला गेला.

त्या दिवशी दुसऱ्या लाइनच्या सुपरवायझरने शपथ दिली. खणखणीत आवाज, कुठे अडणं नाही.

"मी," ते म्हणाले.

"मी," सगळे म्हणाले.

"आज कामावर असताना..."

कोणीच बोलेना. चाळीस हात तसेच पुढे.

शेवटी शिंदेमामांनी एक डोळा उघडला. "साहेब, 'मी' अजून दोनदा राहिलाय."