आत्याचा फोटो

माझी आत्या आज पहाटे गेली आणि तिचा फ्लेक्स लागणार नाही.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा अपमान आहे, राव. इथे भावी नगरसेवकाच्या कुत्र्याच्या वाढदिवसालाही चौक अडतो.

फ्लेक्सवाला म्हणाला, "भाऊ, फोटो पाठवा. आधार कार्डावरचा पण चालतोय."

आधारवर आहे एक. शिक्षा भोगत बसल्यासारखी दिसते त्यात.
तो नाही दिला.

अठ्ठ्याऐंशी वर्षांत दुसरा फोटो नाही.

लहानपणी तिला देवी आल्या, गालांवर व्रण राहिले. तेव्हा आमच्या निम्म्या पुनावळे गावाच्या तोंडावर होते. पण पुरुषांच्या तोंडाकडे कोण बघतंय!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तिला बघायला पाहुणे आले. चहा पिऊन उठता उठता मुलाची मावशी म्हणाली, "पोरगी कामाला बरी हाय. रुखवतात आरसा तेवढा ठेवू नका."

एवढंच.
मावशी वेशीपर्यंत जाता जाता विसरली असेल.
आत्या नाही विसरली.

पुढच्या वर्षी पिंपरीत औषधांच्या नव्या कंपनीत भरती निघाली. बाटल्यांना लेबलं लावायला बायका हव्या होत्या. आत्या सातवी पास. साहेबांनी लगेच निवडली. "गेटपासला एक फोटो आणा आणि सोमवारपासून या."

आत्या चालत चिंचवडला गेली. एकटी.

स्टुडिओवाले चाचा म्हणाले, "ताई, पदर जरा मागं घ्या. चेहरा दिसला पाहिजे."
"सगळा?"
"सगळा."

आत्याने बराच विचार केला. मग विचारलं, "माझ्या मैतरणीचा लावला तर न्हाई का चालायचं? कामाला मीच जाईन."

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "बस बेटा. चांगला काढतो."

ती उठली.

घरी सांगितलं, "त्यांनी न्हाई म्हटलं."

आजोबा मरेपर्यंत त्या कंपनीला शिव्या घालत राहिले. बिचारी कंपनी सोमवारी हिची वाट बघत होती.

आत्याने पुढे नोकरी केली नाही. लग्नही नाही. आम्हा भावंडांना वाढवलं. घरातल्या प्रत्येक ग्रुप फोटोच्या वेळी ती कॅमेऱ्याच्या अलीकडे, सगळ्यांच्या पर्सा धरून.

हे खरं कारण तिने मला गेल्या वर्षी सांगितलं, दवाखान्यात. वर म्हणाली, "चांगला काढतो म्हणला हुता रं त्यो."

आता माझा पराक्रम ऐका.

माझ्या लग्नात मी स्टेजवरून ओरडलो होतो, "आत्या, ये की फोटोत! कॅमेरा फुटत नाही!"

पब्लिक खूश. आत्यासुद्धा हसली. "आलेच" म्हणाली आणि पंगत वाढायला गेली.

लोकांची टर उडवून मी पोट भरतो. ती मावशी आणि मी, एकाच दुकानातले.

आज दुपारभर अल्बम उपसले. एक फोटो सापडला.

मी सहा महिन्यांचा, स्टुडिओतल्या गादीवर. धड बसता येत नव्हतं, म्हणून मागच्या पडद्याआडून कुणीतरी एका हाताने मला धरलंय. मनगटात काचेच्या दोन बांगड्या.

वडील फोटो जवळ धरून म्हणाले, "आक्का हाय ही."

तोच इथे टाकतोय.

बाळाकडे बघू नका, ते पुढे बिघडलं.

हात बघा.

पाया पडतो, आत्या.