नवऱ्याचं नाव

भाईंदरच्या सरकारी इस्पितळात मी रिपोर्टसाठी थांबलो होतो. उद्घाटनाची संगमरवरी पाटी आमच्या बाकाहून ऐसपैस होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ कागदपत्रांच्या फायलीने बायकोला वारा घालत होते.

"पुरे हो भाऊ, दमाल," ती म्हणाली. कुणी परोपकारी माणूस भेटलाय, असं तिला वाटत असावं.

"विसरायला लागलीय," ते मला म्हणाले. "सरकारी मदतीला दिव्यांगाचा दाखला लागतो. आत्ताच करून ठेवतोय. उद्या मीच अंथरुणाला खिळलो, तर हिला काशीगावाहून इथवर आणणार कोण?"

दोघं तपासणीला आत गेली. बाहेर आली तेव्हा ते चक्क हसत होते.

"मिळणार दाखला?"

"मिळेल म्हणाले. वार, महिना, सगळं चुकली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचं नाव विचारलंनी, तर हिनं खाली बघून पदर तोंडाला लावलान. त्यांनी लिहिलं, नाव आठवत नाही. अहो, उखाणा सोडला तर जन्मात कधी माझं नाव घेतलंन नाही हिनं. लाजली ती!"

"मग सांगितलंत का त्यांना?"

"छे! ते आमच्यातलं आहे."

फाईल पिशवीत ठेवता ठेवता ते थांबले. हळूच म्हणाले, "लाजलीच असेल ना हो?"

विसरलेलं माणूस आणि लाजलेलं माणूस बाहेरून सारखंच गप्प दिसतं.

"लाजलीच," मी म्हणालो.