फ्लॉपीच्या भोकावरची पट्टी

बाबांनी जन्मभर पत्रकं लिहिली आणि एकही घरी ठेवलं नाही. छापलं ते सगळं वाटून यायचं, हा त्यांचा नियम. वाटायला जाण्याआधी हाती येतील त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. यंदा बाबा गेले, तेव्हा त्यांचा म्हणून एक कागदही घरात नव्हता.

पेटीत एक फ्लॉपी मात्र निघाली. वर त्यांच्या अक्षरात : ‘पाणी शेवटच्या बांधीपर्यंत’. तलावाचं पाणी धानाच्या टोकाच्या शेतालाही मिळावं, यासाठी ते किती वर्षं भांडले!

फ्लॉपीच्या कोपऱ्यातल्या भोकावर काळी चिकटपट्टी होती. गोंद सुटला होता. ड्राइव्हमध्ये अडकेल म्हणून मी ती सोलली, कापसानं जागा पुसली. लॅपटॉपला ड्राइव्ह जोडला, तर उत्तर आलं : डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? मी ‘नाही’ म्हटलं. तीन दिवस तेच. मग वाटलं, कोरीच आहे; बाबांनी नाव घातलं आणि लिहायचं राहिलं. त्यांचं पत्रक मी पुरं करीन, त्यांच्याच फ्लॉपीवर. ‘हो’ दाबलं, पत्रक लिहिलं आणि ते दाखवायला एसटीनं अर्जुनी मोरगावला गेले.

तिथे बाबांचे जुने सोबती राहतात, मी त्यांना काका म्हणते. बाबा गोंदियात छापखान्याच्या नव्या कॉम्प्युटरवर टाईप करायचे, काका तीच फ्लॉपी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर घालून चुका काढायचे.

काकांनी फ्लॉपी उजेडात धरली. “पट्टी कुठं गेली वं?”

“काढली. चिकट झाली होती.”

“काऊन काढलीस? कोनाले इचारलंस?”

मग त्यांनी सांगितलं. काकांचं मशीन जुनं, त्याला अर्ध्या क्षमतेचीच फ्लॉपी चाले. बाजारात नंतर दुप्पट क्षमतेच्या, मोठ्याच मिळू लागल्या. भोक दिसलं की नवं मशीन फ्लॉपी मोठी समजे. ते बुजवलं की लहान. बाबा पट्टी लावून लहान फॉरमॅट करत. अर्धी जागा वाया जाते म्हणून छापखान्यातले हसत, “अरे भाई, आधी जगह बरबाद कर रहे हो!”

“तुया बाप म्हने,” काका म्हणाले, “मोठ्या मशीनले लहान वाचता येते, लहानले मोठं नाही. मंग लहानचंच माप धराचं.”

“पण ती कोरी होती ना, काका?”

“पुरं पत्रक होतं. मी वाचलं होतं. छापखानेवाला भेला, छापलंच नाही.”

म्हणजे पट्टी काढल्यामुळेच लॅपटॉपला ती वाचता आली नव्हती, आणि माझ्या ‘हो’नं आतलं सगळं पुसलं होतं.

“काय लिहिलं होतं?”

काकांनी फ्लॉपीवरच्या नावावर बोट ठेवलं; पुढचे शब्द त्यांना आठवेनात. “लय चांगलं होतं, बाई,” एवढंच म्हणाले.

मागे राहिलेल्याला धरून चला, असं मी सभांमधून ओरडून सांगते. बाबांनी तेच एका बोटभर पट्टीत करून ठेवलं होतं, आणि मी ते घाण समजून कचऱ्यात टाकलं.

काकांनी मशीनवरचं फडकं काढलं, माझी फ्लॉपी घातली. घरघर झाली आणि थांबली. मी मोठ्या मापात लिहिलेलं त्याला उघडता आलं नाही.

“तूच वाच तोंडानं,” काका म्हणाले.

मी मोबाइल काढला, त्यात माझ्या पत्रकाची प्रत होती. वरचं नाव वाचलं, ते बाबांचंच होतं. त्याखालचं, माझं, वाचण्याआधी पुन्हा तेच नाव वाचलं. काका कानाशी हात धरून बसून होते.