हिरवळीवरचे हुदहुद

आखातातल्या रुवैसमध्ये आमच्या ऑफिससमोर हिरवळीचा एक तुकडा आहे, दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा. वर्क ऑर्डर काढण्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध नव्हता. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी त्यावर पिवळे डाग पडायला लागले. बागकामाचे सुपरवायझर म्हणजे रायगडचे एक चाचा, तीस वर्षं इथेच राहिलेले. त्यांनी खुरप्याने गवत उचकटून दाखवलं. खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या.

"हुमणी," ते म्हणाले.

मी वसईची, वडिलांची वाडी होती, त्यामुळे हा शब्द मलाही ठाऊक होता. येत्या सोमवारी औषध मारायची ऑर्डर मी लगेच काढली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. गवतावर दोन हुदहुद, डोक्यावर तुरा असलेले पक्षी, चरत होते. चोच मुळापर्यंत खुपसायची, अळी ओढायची, हवेत उडवून गिळायची. बाहेर अजून चष्म्यावर वाफ धरत होती, पण चाचा म्हणाले, "हे आले म्हणजे उन्हाळ्याने पाठ फिरवली. बाय, औषधाच्या अळ्या खाल्ल्या तर मरतील हे. पंधरा दिवस थांबवा. पोट भरून पुढे जातात ते."

"मॅनेजर विचारतील."

"माझं नाव सांगा."

मी तारीख पुढे ढकलली. कारणाच्या रकान्यात 'बर्ड्स' एवढंच लिहिलं, त्यांचं नाव नाही. मग रोज डबा खिडकीशी बसून खायला लागले. आठवड्याभरात पाच पक्षी झाले. लेकीला व्हिडिओ पाठवला, तर ती म्हणाली, "ममा, दॅट वन इज लिंपिंग." खरंच, एकाचा पाय अधू होता. आठवडाभर बघत होते आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मॅनेजरनी बोलावलंच. "पक्ष्यांसाठी थांबवलंत?" ते इमिराती, मोजकं बोलणारे. त्यांनी उठून खिडकीतून बाहेर पाहिलं. "खलास, असू द्या. पण गवत जगलं पाहिजे."

गवत जगलं नाही. हुमणी पाच पक्ष्यांना संपण्यासारखी नव्हतीच. अर्धी हिरवळ तपकिरी पडली. चाचा खाली मान घालून म्हणाले, "मला वाटलं होतं, सगळी खातील."

पंधराव्या दिवशी चार पक्षी निघून गेले होते. लंगडा तिथेच होता. मी आणखी तीन दिवस मागितले, ते मिळाले. चौथ्या सकाळीही तो होताच. माणसं पंप घेऊन उभी राहिली. चाचांनी टाळ्या वाजवत त्याला पलीकडच्या फुटबॉलच्या मैदानाकडे हुसकावलं आणि मागे वळून म्हणाले, "यल्ला, सुरू करा." दुपारी मी मैदानावर जाऊन पाहिलं. तो दिसला नाही.

ऑक्टोबरमध्ये नवीन गवत लावलं. तोवर संध्याकाळी बाहेर बसता यायला लागलं होतं. ऑफिसातली माणसं चहाचे कप घेऊन तिथे टेकू लागली, आणि चाचा त्यांना कडेकडेने बसा म्हणून सांगत फिरायचे, कारण मुळं अजून धरली नव्हती.